वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचे चुकणारे काटे

प्रश्न : साठच्या दशकातली ब्रिटिश घडणीची मोटार आहे. टाकी निम्मी असताना काटा ती भरलेली दाखवतो, पाण्याचा काटाही लाल पट्ट्याकडे सरकतो. रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला, फरक शून्य. मेकॅनिक दोन्ही मीटर बदलायला सांगतो.
– एक वाचक, चोपडा

उत्तर : मीटरवर पैसे घालू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात इंजिनावर संशय जाणारच, पण उन्हानं पेट्रोलचा काटा चढत नाही. दोन्ही काटे एकदम वर जात असतील, तर दोघांना वीज पुरवणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासा. डॅशबोर्डमागे असलेली पत्र्याची छोटी डबी, ती हीच.

डबीत दोन धातूंची पट्टी आणि तिच्याभोवती तापणारी तार असते. पट्टी तापली की वाकून संपर्क तोडते, निवली की जोडते. या उघडझापीतून मीटरला सरासरी १० व्होल्ट मिळतात. तापणाऱ्या तारेचं अर्थिंग डबीच्या पत्र्यातून बॉडीला जातं. स्क्रूखाली गंज किंवा नवा रंग आला, की तार तापत नाही, संपर्क सुटत नाही आणि बॅटरीचे पूर्ण १२-१४ व्होल्ट मीटरवर जातात. डेंटिंग-पेंटिंगनंतर ही तक्रार हमखास येते.

इग्निशन चालू करून १२ व्होल्टचा लहान बल्ब डबीवरच्या ‘आय’ (I) खुणेच्या, म्हणजे मीटरकडे वीज जाणाऱ्या टोकाला आणि बॉडीला लावा. थोड्या वेळानं तो उघडझाप करू लागला तर डबी ठीक. डिजिटल मल्टिमीटरवर आकडे नुसते नाचतात, त्यावरून निदान करू नका. बल्ब सलग जळत राहिला, तर बॅटरीची वायर सोडवा, डबीखालचा पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून स्क्रू आवळा. तरीही सलग जळला, तरच नवी डबी. बसवताना ‘बी’ (B) खूण, म्हणजे बॅटरीकडून वीज येणारं टोक, वर ठेवा, आडवी बसवली तर आकडे चुकतात.

डबीऐवजी ७८१० आयसीही (स्थिर १० व्होल्ट देणारा इलेक्ट्रॉनिक भाग) चालतो : इनपुटला ०.३३, आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन्हींचं दुसरं टोक अर्थला. मात्र बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला असेल तरच. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असे, ते आधी पाहा.

प्रश्न : पाण्याचा काटा ठीक, पेट्रोलचा मात्र कायम रिकाम्यावर.
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : तुमचा काटा सावकाश चढणारा आहे असं धरून सांगतो. इग्निशन बंद ठेवून टाकीवरच्या सेंडरची (पेट्रोलची पातळी मोजून मीटरला कळवणाऱ्या भागाची) वायर काढा, बॉडीला पक्की जोडा, मगच इग्निशन चालू करा; टाकीपाशी ठिणगी पडता कामा नये. काटा चढू लागला तर मीटर आणि वायर दोन्ही शाबूत. भरल्याच्या खुणेला पोचताच बंद करा. दोष मग सेंडरमध्ये किंवा टाकीच्या अर्थिंगमध्ये. टाकी बऱ्याचदा रबरी पट्ट्यांवर बसलेली असते, म्हणून सेंडरच्या स्क्रूपासून चासीपर्यंत एक जादा वायर ओढून पाहा. तेवढ्यानं भागलं नाही, तर सेंडर बाहेर काढून त्याचा फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग) हलवून बघा, त्यात पेट्रोल शिरलं असेल तर खुळखुळतं.

झटकन उडणाऱ्या जुन्या काट्यांचं गणित उलटं : वायर काढली की ‘भरलेली’, बॉडीला लावली की ‘रिकामी’.