पिशवी काढली, आता हृदयाला धोका आहे का?

"मॅडम, गर्भाची पिशवी काढली की हार्ट कमजोर होतं म्हणतात. खरंय का?"

विचारणाऱ्या ताई एक्केचाळीस वर्षांच्या. अंगावरून फार जायचं म्हणून छत्तिसाव्या वर्षी ऑपरेशन झालेलं. आता रात्री छातीत धडधडतं, अंग घामानं भिजतं, झोप येत नाही. शेजारणीनं भीती घातली होती. मराठवाड्यात हा प्रश्न बायका नेहमी विचारतात. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या अशा ऑपरेशनांची राज्यभर चर्चा झाली, पण पुढे त्यांच्या तब्येतीचं काय, हे फारसं कुणी बोललं नाही.

मी आधी विचारलं, "ताई, नुसती पिशवी काढली की अंडाशयंही?" त्यांना माहीत नव्हतं. डिस्चार्ज कार्ड आणायला सांगितलं. पुढच्या खेपेला आणलं, तर दोन्ही अंडाशयं काढलेली.

सगळा फरक इथेच पडतो. इस्ट्रोजेन हे हार्मोन मुख्यतः अंडाशयात तयार होतं. ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला मदत करतं, त्यामुळे वाहिन्या सैल राहतात. वाईट कोलेस्टेरॉलही ते आटोक्यात ठेवतं. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते. ताईंची ही साथ दहा वर्षं आधी, तीही एका दिवसात सुटली. पाळी इतक्या लवकर गेली की पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. शेजारीण अगदीच चुकीचं बोलत नव्हती. अंडाशयं ठेवली असती तर चित्र बरंच सौम्य असतं, जरी ती थोडी लवकर थकतात.

"मग हार्मोनच्या गोळ्या? त्यानं अटॅक येतो म्हणे."

ही भीती अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून आली. 2002 मध्ये त्याचा एक भाग मध्येच थांबवावा लागला. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. ते निष्कर्ष ताईंना जसेच्या तसे लावणं मला पटत नाही. लवकर अंडाशयं गेलेल्या बाईला, स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या असं काही नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन द्यायचा विचार डॉक्टर करतात. पिशवी नसल्यानं बहुधा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. त्वचेवर लावायच्या जेलनं गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी. साठीनंतर केवळ हृदय जपायला म्हणून मात्र हे औषध सुरू करत नाहीत.

धडधडीसाठी ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, बीपी 146/92. ते कुणी कधी मोजलंच नव्हतं! फिजिशियननी बीपीचं आणि लोहाचं औषध सुरू केलं, स्त्रीरोगतज्ज्ञांनी जेल. मिश्री सोडायला ताई अजून तयार नाहीत, त्यावर आमची बोलणी चालू आहेत.

धडधडीला उगाच घाबरू नका, म्हटलं. पण दम लागला, जबड्यात किंवा पाठीत दुखलं, एकाएकी गळून गेल्यासारखं झालं, तर पित्त समजून सोडा पीत बसू नका, 108 ला फोन लावा.