बॅग भरताना : साप कोण आणि ड्रॅगन कोण?

श्रावण लागला की मला सापांची पत्रं येणार, हे ह्या वर्षी ठरलेलंच होतं. चिनी पंचांगात बारा वर्षांना बारा प्राण्यांची नावं असतात. त्यातलं सापाचं वर्ष २९ जानेवारी २०२५ला लागलं, ते १६ फेब्रुवारी २०२६पर्यंतचं. सहलींचे गट घेऊन मी सव्वीस वर्षं पूर्वेकडच्या देशांत हिंडले. पण पासपोर्ट, पोट आणि पाय दुखणं सोडून दुसऱ्या एकाच विषयावर इतके प्रश्न आले, असं कधी झालं नव्हतं. त्यातले पाच घेते.

मी आणि पत्नी दोघंही १९५३ सालचे, म्हणजे सापाच्या वर्षातले, असं मुलाने शोधून काढलं. माझी जन्मतारीख १ फेब्रुवारी, तिची ९ नोव्हेंबर. आपलं वर्ष साजरं करायला चीनला जावं असं मनात आहे. पण पत्नीला सापाची इतकी धास्ती, की टीव्हीवर दिसला तरी पाय वर घेऊन बसते. जिवंत साप न बघता सापाची सहल होईल का? – एक निवृत्त वाचक

होईल की. पण आधी एक वाईट बातमी ऐका. काका, तुम्ही साप नाही. चिनी वर्ष १ जानेवारीला बदलत नाही, ते चंद्राच्या हिशेबाने चालतं. १९५३ साली त्यांचं नववर्ष १४ फेब्रुवारीला होतं. तुम्ही त्याच्या तेरा दिवस आधी जन्मलात, म्हणजे ड्रॅगनच्या वर्षाच्या अगदी शेपटाशी. साप आहेत त्या काकू. पाय वर घेऊन बसणाऱ्या.

दुसरं म्हणजे, स्वतःचं वर्ष आलं म्हणून चिनी माणूस पेढे वाटत नाही, उलट जपून राहतो. आपल्या प्राण्याचं वर्ष बारा वर्षांनी फिरून आलं की वर्षाच्या दैवताची वक्रदृष्टी होते, अशी तिथली समजूत. त्यावर उतारा लाल रंगाचा : लाल पट्टा, लाल मोजे, मनगटाला लाल दोरा, इतकंच काय, आतले कपडेही लाल. काकूंना एक लाल दोरा घेऊन द्या, म्हणजे काम भागेल.

जागा म्हणाल तर हांगचौ. तिथल्या पश्चिम सरोवराच्या काठी चीनमधली सगळ्यात लाडकी सापाची गोष्ट घडते, आणि तीत साप शोधूनही दिसत नाही. शुभ्र नागीण तप करून बाई होते, नाव बाई सुझेन (ह्यातलं 'बाई' हे आडनाव). सरोवरावरच्या 'तुटक्या पुला'वर (तो तुटलेला मुळीच नाही) तिची शू श्येन नावाच्या तरुणाशी गाठ पडते. पाऊस येतो, छत्रीची देवघेव होते, पुढे लग्न. दोघं औषधाचं दुकान थाटतात. मग फाहाई नावाचा भिक्षू नवऱ्याचे कान भरतो. सणाच्या दिवशी मनशीळ घातलेली दारू पोटात गेल्यावर नागीण मूळ रूपात येते आणि नवरा धसक्याने मरून पडतो. म्हणजे ह्या गोष्टीत सापाला घाबरणारा पुरुष आहे, हे काकूंना जरूर सांगा. ती बिचारी डोंगरावरून वनस्पती आणून त्याला जिवंत करते आणि ह्या सगळ्याचं बक्षीस म्हणून भिक्षू तिला लेइफंग पागोड्याखाली गाडतो.

तो पागोडा खरा होता. दहाव्या शतकात बांधलेला, २५ सप्टेंबर १९२४ला कोसळला. कारण नागिणीपेक्षा साधं होतं. त्याची वीट घरात असली की रोगराई टळते, बाईचा गर्भ टिकतो, असं मानून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पायाच्या विटा उकरून नेल्या होत्या. लू शुन ह्या चिनी लेखकाने लेख लिहून पागोडा पडल्याचा आनंद जाहीर केला. २००२मध्ये त्याच जागी नवा उभा राहिला. त्याला सरकते जिने आहेत, गुडघेवाल्यांची सोय झाली. आणि त्याच्या पोटात, काचेआड, जुन्या विटांचा ढिगारा तसाच ठेवलाय. माझ्या गटातल्या एक आजी त्या काचेला नाक लावून बराच वेळ उभ्या होत्या. आमची बस सुटायची वेळ झाली तरी हलेनात. शेवटी विचारलं, "मग ती सुटली का गं?" सुटली म्हटल्यावर निघाल्या.

फक्त ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा. तेव्हा चीनमध्ये राष्ट्रीय सुटी असते आणि त्या पुलावर माणसांचे पाय सोडून काही दिसत नाही.

मी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बँकॉकला नातेवाइकांकडे जाणार आहे. तिथे सापांचं काही शिकण्यासारखं बघता येईल का? खेळ नकोत. – विद्यार्थी

येईल, आणि तेही शहराच्या मधोमध. रामा चौथा मार्गावर थाई रेडक्रॉसची क्वीन सावोभा स्मारक संस्था आहे. १९२२मध्ये सुरू झाली आणि पाठोपाठ सर्पोद्यानही आलं. सापांचं विष काढायचं, ते थोडं थोडं घोड्यांना टोचायचं, घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार झाली की त्यापासून सर्पदंशावरचं प्रतिविष बनवायचं, हे काम तिथे चालतं. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी विष काढायचं प्रात्यक्षिक असतं, ते चुकवू नकोस. दुपारी साप हाताळून दाखवतात. त्याला 'शो' म्हणतात खरं, पण निवेदक सगळा वेळ साप कसा ओळखायचा आणि चावला तर काय करायचं हेच सांगत असतो.

मी काय पाहिलं ते सांगते. माणसाने नागाचं डोकं अंगठा आणि दोन बोटांत धरलं, काचेच्या भांड्याच्या काठावर दात टेकवले. मला वाटलं होतं फवारा वगैरे उडेल. काचेवरून एक पिवळसर ओघळ आला, कैरीच्या चिकासारखा सावकाश, आणि तळाशी जाऊन थांबला. बस. शेजारच्या मुलाने "एवढंच?" म्हटलं. निवेदकाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

मजल्यांवरची प्रदर्शनं बघायला वेळ ठेव. सांगाड्यापाशी वही काढ, लाजू नकोस.

पेनांगच्या सर्पमंदिरात विषारी साप मोकळे असतात म्हणे. ते धुपाने गुंगलेले असतात, दात काढलेले असतात, असंही ऐकलं. दहा वर्षांच्या नातीला न्यावं का?

मलेशियातल्या बेटावर, विमानतळाच्या जवळ, बायान लेपासला हे देऊळ आहे, एकोणिसाव्या शतकातलं. चोर सू कोंग ह्या भिक्षूचं. तो रानातल्या सापांना आसरा द्यायचा आणि तो गेल्यावर साप आपण होऊन देवळात आले, अशी कथा. चिनी पंचांगातल्या पहिल्या चांद्रमासाच्या सहाव्या दिवशी त्याचा उत्सव असतो.

साप आहेत वॅगलर्स पिट व्हायपर. विषारीच. धुपाने गुंगतात हे भाविकांचं म्हणणं, पण धूप नसलेल्या जंगलातही हा साप दिवसभर असाच बसतो. झाडावर राहणारा, दबा धरून शिकार करणारा प्राणी आहे. डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खळग्यांनी भक्ष्याची ऊब ओळखतो. शिकार आपल्याकडे येणार असेल तर कशाला हलायचं, असा त्याचा रोकडा हिशेब. दात काढलेत ह्या भरवशावर मात्र कुणी राहू नये. चावल्याने माणूस सहसा दगावत नाही, पण ठणका आणि सूज येते.

मागच्या सापाच्या वर्षी, २०१३मध्ये, मी तिथे गट घेऊन गेले होते. आत शिरल्यावर पाच मिनिटं इकडेतिकडे शोधलं, एकही साप नाही. फसवणूक झाली असं वाटून मी चष्म्याचं घर वेदीशेजारच्या टेबलावर ठेवलं आणि यादी काढली. सेवेकऱ्याने जीभ टाळ्याला लावून 'टक्‌' केलं. फुलदाणीत खोचलेल्या वाळक्या फांदीवर, माझ्या मनगटापासून वीतभर अंतरावर, हिरवी मादी बसली होती. अंगावर पिवळे पट्टे, डोकं त्रिकोणी, हनुवटी स्वतःच्याच वेटोळ्यावर टेकलेली. एकदा पाहिल्यावर मग शेजारी दुसरी दिसली आणि छताजवळ तिसरा, काडीएवढा नर. चष्म्याचं घर सेवेकऱ्यानेच काढून दिलं.

नात सांगितलेलं ऐकणारी असेल तर जरूर न्या. हात मागे बांधून बघायचं, एवढीच अट. आजूबाजूला वस्ती वाढली तसे साप कमी झालेत, पोतंभर साप दिसतील अशी तिची समजूत करून देऊ नका. आणि गळ्यात साप घालून फोटो काढून देणारे कुठल्याही देशात भेटले, तरी पुढे चला. त्या सापाचं दिवसभर काय होतं, हे नातीला सांगायला जड जाईल.

हाँगकाँगला सापाचं सूप प्यावं का? आणि नागाची बाटलीतली दारू आणता येते का?

सुपाचा हंगाम शरद ऋतूपासून थंडीभर. अंगात ऊब येते म्हणून पितात. कोंबडी, मशरूम आणि सापाच्या मांसाचे बारीक धागे, वर शेवंतीच्या पाकळ्या, लिंबाच्या पानाची चिरलेली जुडी. मी एकदा चार चमचे घेतलं. शेवंती आवडली. दुकानं कमी होत चालली आहेत, कारण नव्या पिढीला ना ते प्यायची हौस, ना दिवसभर साप सोलायची. पिणार असाल तर माझी हरकत नाही, पण हानोईजवळच्या ले मात गावी टेबलाशी नाग मारून त्याचं रक्त दारूत घालून देतात, तिथे मी कधी गट नेला नाही आणि पत्ताही सांगणार नाही.

बाटली आणू नका. नागांचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारात बांधलेला आहे, अजगराच्या कातड्याच्या पर्सचंही तेच. परवाना नसेल तर कस्टम्सच्या टेबलावर दोन्ही वस्तू राहतात आणि तुम्ही उत्तरं देत बसता.

मुलगी ओसाकाला असते. ती म्हणते, जपानमध्ये सापाचं वर्ष १ जानेवारीलाच लागलं. तिचं चुकतंय ना?

तिचं बरोबर आहे. जपानने १८७३पासून पाश्चात्त्य दिनदर्शिका घेतली, प्राण्यांचं चक्र तेच ठेवलं, पण वर्ष बदलायचा दिवस १ जानेवारी झाला. म्हणजे पहिल्या पत्रातले काका, वाचताय ना? चीनमध्ये तुम्ही ड्रॅगन असाल, जपानमध्ये दोघंही साप आहात. मात्र तिथलं सापाचं वर्ष ३१ डिसेंबर २०२५पर्यंतच.

तिथे पांढरा साप बेन्झाइतेनचा दूत. बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेली. फक्त तिकडे तिने वीणेसारखं वाद्य हातात ठेवून धनाचं खातंही सांभाळायला घेतलं. त्यामुळे सापाच्या कातीचा तुकडा लोक पाकिटात ठेवतात. हिरोशिमाजवळच्या इवाकुनीला खरे पांढरे साप आहेत, लाल डोळ्यांचे, सरकारी संरक्षण असलेले. ते काचेआड असतात. तेवढा वेळ काकूंना किंताई पुलावर सोडा. पाच लाकडी कमानी आहेत, अर्धा तास सहज जातो.

पण मुलगी ओसाकाला असेल तर मी तुम्हाला आणि काकाकाकूंनाही नारा भागातल्या ओमिवा देवळात पाठवेन. मिवा स्टेशनवरून चालत जाता येतं. तिथे देवाची मूर्ती नाही, गाभारा नाही, मागचा अख्खा डोंगर हाच देव. आवारात एक जुना जपानी सीडर वृक्ष आहे, त्याच्या ढोलीत पांढरा साप राहतो असं मानतात. लोक बुंध्याशी साके ठेवतात, आणि सापाला आवडतात म्हणून कच्ची अंडी. मी गेले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. सहा अंडी ओळीने मांडलेली, त्यांच्यावर थेंब, आणि समोर कोट घातलेला एक माणूस सातवं अंडं पिशवीतून काढून घरंगळू नये म्हणून खडा लावत होता. साप काही दिसला नाही. काकूंनी निर्धास्त जावं.