आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशनवर लिहिताना

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन या अमेरिकेच्या पहिल्या राज्यघटनेच्या उणिवांवरचा तुझा निबंधाचा मसुदा वाचला. कर लावता येत नव्हता, कार्यकारी प्रमुख नव्हता, केंद्रीय न्यायसंस्था नव्हती, व्यापारावर ताबा नव्हता, अशी आठ मुद्द्यांची यादी तू दिली आहेस. मुद्दे बरोबर आहेत, पण गाडं नेमकं कुठे अडत होतं ते त्यातून कळत नाही. गाईडांतही हीच यादी असते आणि परीक्षकाला ती तोंडपाठ असते.

आधी मूळ मजकूर वाच. कलमं अवघी तेरा, एका बैठकीत होतात. दुसरं, आठवं, नववं आणि तेरावं मात्र दोनदा वाच. युद्ध, तह, टपाल, नाणी, कर्ज हे सगळं नवव्या कलमाने काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या केंद्रीय सभेला, दिलं होतं. म्हणजे कागदावर अधिकार बरेच होते. पाणी मुरतं ते आठव्या कलमात. खर्च सामायिक तिजोरीतून करायचा, तिजोरी राज्यांनी भरायची, वाटा जमीन आणि इमारतींच्या किमतीवरून ठरवायचा, पण प्रत्यक्ष कर बसवायचा आणि वसूल करायचा तो राज्यांच्या विधिमंडळांनी. हे मूल्यांकन कधी पुरं झालंच नाही. आणि एखाद्या राज्याने पैसे दिले नाहीत तर पुढे काय? दंड नाही, जप्ती नाही, काहीच नाही. काँग्रेसची मागणी राज्य सरकारपर्यंत जायची आणि तिथेच थांबायची, नागरिकापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. निबंधाचा कणा हाच ठेव, बाकीच्या बहुतेक उणिवा यातून निघतात.

आकडे दे, पण मोजके. 1782 सालासाठी काँग्रेसने राज्यांकडे 80 लाख डॉलर मागितले. वर्ष सरलं तेव्हा पाच लाखसुद्धा जमले नव्हते. रॉबर्ट मॉरिससारखा मुरब्बी व्यापारी अर्थखातं सांभाळत असताना ही स्थिती होती. तेव्हा दोष माणसांच्या नालायकीवर ढकलू नकोस.

आयात जकातीचं प्रकरण तू दोन ओळींत उरकलंस, त्याला पानभर जागा दे. 1781 मध्ये काँग्रेसने आयातीवर 5 टक्के जकात सुचवली. ही दुरुस्ती ठरत असल्याने तेराव्या कलमानुसार तेराही राज्यांची संमती हवी होती. 1782 मध्ये ऱ्होड आयलंडने नकार दिला, पाठोपाठ व्हर्जिनियाने दिलेली संमती परत घेतली. 1783 मध्ये 25 वर्षांची मुदत घालून योजना पुन्हा आली. या खेपेला न्यूयॉर्क आडवं आलं. त्याचा हिशेब सरळ होता: बंदरातल्या जकातीवर राज्याचीच तिजोरी भरत होती. न्यू जर्सी आणि कनेटिकटचे लोक तिथून आलेला माल विकत घेताना ती जकात भरत होते. चिडून 1786 च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीने काँग्रेसची मागणी भरायलाच नकार दिला, आणि काँग्रेसला आपले प्रतिनिधी पाठवून मनधरणी करावी लागली. व्यापारावर ताबा नसणं आणि तिजोरी रिकामी असणं हे तू वेगवेगळे मुद्दे केले आहेस. या एका प्रसंगात ते एकच होतात.

मतदानाचं गणितही नीट मांड. राज्याला मत एक, प्रतिनिधी दोन ते सात. पण किमान दोन हजर नसले तर त्या राज्याचं मत धरत नसत, आणि दोघांत दुमत झालं तर मत वाया. युद्ध, तह, पैसा अशा गोष्टींना नऊ राज्यं लागत, साध्या ठरावालाही सात. हजर कितीही असोत, बहुमत तेरांचं मोजायचं. 19 एप्रिल 1784 ला पश्चिमेच्या प्रदेशात 1800 नंतर गुलामगिरी नको, हे त्या प्रदेशाच्या कारभारासाठी थॉमस जेफरसनने केलेल्या मसुद्यातलं कलम मताला आलं. बाजूने सहा राज्यं, विरोधात तीन, तरी ते पडलं. न्यू जर्सीचा एक प्रतिनिधी आजारी असल्याने त्या राज्याचं मत धरलं गेलं नाही. असं उदाहरण हाती असताना 'निर्णयप्रक्रिया संथ होती' असं वाक्य कशाला लिहायचं!

लष्कराबद्दल एवढंच पुरे: जून 1784 मध्ये काँग्रेसने जुनं सैन्य मोडून जेमतेम 80 जण ठेवले, वेस्ट पॉइंट आणि फोर्ट पिटच्या कोठारांवर पहारा द्यायला. डेट्रॉइट, नायगरा ही ठाणी ब्रिटिशांनी स्वातंत्र्ययुद्ध संपवणाऱ्या 1783 च्या तहानंतरही 1796 पर्यंत का सोडली नाहीत, ते इथेच जोडून सांग. ब्रिटिश सावकारांची देणी आणि युद्धात ब्रिटिश राजाच्या बाजूने राहिलेल्या राजनिष्ठांची मालमत्ता याबाबतची तहाची कलमं राज्यं पाळत नव्हती, आणि काँग्रेस त्यांना भाग पाडू शकत नव्हती.

शेजच्या बंडामुळे, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या उठावामुळे, नवं संविधान लिहिणारी फिलाडेल्फियाची परिषद भरली, हे वाक्य तपास. अॅनापोलिसच्या बैठकीत पाच राज्यांच्या 12 प्रतिनिधींनी 14 सप्टेंबर 1786 रोजीच पुढच्या मे महिन्यातल्या परिषदेची हाक दिली होती. मॅसॅच्युसेट्समध्ये न्यायालयं बंद पाडणं नुकतंच सुरू झालं होतं, स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावरची चाल तर जानेवारी 1787 मधली. बंडाने घाई आणली, बीज आधीच पडलं होतं.

व्यवस्थेच्या जमेच्या बाजूला निदान एक परिच्छेद हवा. 1785 च्या भूमापन कायद्याने सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असे चौरस गावठाण आखले, प्रत्येकात 640 एकरांचे 36 तुकडे, त्यातला सोळावा शाळेसाठी. 1787 चा वायव्य प्रदेशाचा कायदाही याच काँग्रेसचा. तिथे राज्यांची वसुली मध्ये येत नव्हती, म्हणून काम झालं.

भारताशी तुलना करायचीच असेल तर 1946 च्या कॅबिनेट मिशन योजनेशी कर. तिच्यात केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढंच होतं, पण त्यासाठी पैसा उभारण्याचा अधिकारही सोबत दिला होता. डॉ. आंबेडकरांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये घटना समितीत बळकट केंद्राची बाजू मांडली, तोही संदर्भ जोड. मराठेशाहीच्या सरदारांशी तुलना टाळ. तिथे मतदानाची लेखी कलमं नव्हती, तुलना दोन ओळींतच ढासळते.

शेवटच्या परिच्छेदातलं '1787 मध्ये घटनादुरुस्ती झाली' हे वाक्य काढ. तेरावं कलम एकमत मागत होतं, नव्या संविधानाच्या सातव्या कलमाने नऊ राज्यांवर भागवलं. ऱ्होड आयलंडने परिषदेला कोणी पाठवलंच नाही, आणि संमती दिली ती 29 मे 1790 ला, वॉशिंग्टन अध्यक्ष होऊन वर्ष उलटल्यावर. जुन्या नियमाने गेले असते तर तोवर सगळं थांबलं असतं. नियम मोडला गेला हे स्पष्ट लिही, आणि तो मोडणं योग्य होतं का यावर तुझं मत दे. मसुद्यात ते कुठेच नाही.

कळावे.