प्रोब लावला की गातो, काढला की मुका

प्रश्न : ४० मीटर (७ मेगाहर्ट्झच्या) रेडिओ बँडसाठी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर) लहानसा डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर बांधतोय. त्यातल्या कोलपिट्स ऑसिलेटरला (फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या सर्किटला) ऑसिलोस्कोपचा प्रोब, म्हणजे मोजणीची तार, लावला की तो ७ मेगाहर्ट्झवर झकास चालतो. प्रोब काढला की रिसीव्हर मुका. तीनदा सगळं उपटून पुन्हा लावलं. धाकटी बहीण म्हणते, "मग प्रोब तिथेच राहू दे की!" काय करू?

उत्तर : बहिणीला हसू नका. अशाच एका ऑसिलेटरला प्रोब दोऱ्याने बांधून मी तीन आठवडे रेडिओ ऐकलाय. ऑसिलोस्कोप दुसऱ्या कामाला लागला, तेव्हा कुठे कारण शोधायला बसलो.

प्रोबचं टोक हवेत ठेवा आणि त्याची ग्राउंडची क्लिप तेवढी जोडा. एवढ्यावर ऑसिलेटर सुरू झाला तर रोग ग्राउंडमध्ये आहे. माझा तिथेच निघाला. काही लांब ब्रेडबोर्डांवर कडेची सप्लाय-ग्राउंडची पट्टी दिसते सलग, पण आतून मधोमध तुटलेली असते. माझा ऑसिलेटर नेमका तुटलेल्या अर्ध्यावर. पॉवर सप्लायचा उणे अर्थला जोडलेला आणि ऑसिलोस्कोपची क्लिपही अर्थला. त्यामुळे बिचारा करंट प्रोबमधून ऑसिलोस्कोपात, तिथून प्लगात, भिंतीतल्या अर्थिंगच्या तारेत आणि मग सप्लायच्या प्लगातून घरी, असा फिरून येत होता. इलाज काय, तर दोन सेंटिमीटर तारेचा तुकडा. (तुमचा सर्किट बॅटरीवर असेल तर असं व्हायचं नाही, थेट पुढे चला.)

क्लिपने काही झालं नाही आणि टोक टेकवल्यावरच जाग आली, तर मामला कपॅसिटन्सचा. प्रोब नुसता बघत नाही, तो सर्किटमध्ये येऊन बसतो. दहापटीवरचा (सिग्नल दहापट कमी करणारा) प्रोब म्हणजे साधारण १० ते १५ पिकोफॅरड (कपॅसिटन्सचं एकक). एकपटीवर ठेवलात तर १०० च्या आसपास. कोलपिट्सचा फीडबॅक (आउटपुटमधून परत इनपुटला येणारा वाटा) दोन कपॅसिटरांच्या वाटणीवर ठरतो आणि तुमची वाटणी काठावर बसलेली दिसते. टोक जिथे टेकवता तिथून ग्राउंडला १० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहा. चालला, तर वाटणी बदलून फीडबॅक थोडा वाढवा.

त्याआधी ट्रान्झिस्टरचे पाय बघा. सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी ५४७ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर; पीएन २२२२ मध्ये नेमकं उलटं. बेस दोन्हीकडे मध्येच, म्हणून फसायला होतं. उलटा लावलेला ट्रान्झिस्टर सरळ मरत नाही, ही खरी पंचाईत. तो थोडं थोडं काम करत राहतो आणि आपण कपॅसिटर बदलत बसतो.

चालायला लागल्यावर प्रोबने फ्रिक्वेन्सी मोजू नका. ट्यूनिंगला एकूण १०० पिकोफॅरड असतील आणि प्रोबचे १० त्यात पडले, तर ७ मेगाहर्ट्झचे ६.६७ होतात. शेजारी दुसरा रिसीव्हर ठेवून त्यात शीळ ऐका. आणि एकदा चालला की ब्रेडबोर्ड सोडा, तांब्याच्या कोऱ्या बोर्डावर उचला. ब्रेडबोर्डच्या शेजारशेजारच्या ओळी आपापसात दोन-चार पिकोफॅरड वाटून घेतात, न विचारता.

प्रश्न : कॉइलसाठी टी५०-२ टोरॉइडवर (कडीसारख्या गोल कोअरवर) तारेचे १६ वेढे सांगितले होते. मोजून १६ घातले, तरी बँड खाली सरकला. कोअर खराब आहे का?

उत्तर : कोअर बरा आहे, मोजणी चुकली. तार भोकातून जितक्यांदा गेली तितके वेढे. भोकातून नुसती सरळ काढलेली तारही एक वेढा. बाहेरच्या कडेवरून मोजलंत की हमखास एक जास्त पडतो. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून १६ चे १७ झाले की तो १३ टक्के चढतो आणि ७.१ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर ६.७ च्या खाली जाऊन बसतो. एक वेढा सोडवा. हात लावलाच आहे तर टोकांवरचं इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा लेप) नीट खरवडा. नाहीतर सोल्डरचा डाग चकचकीत बसतो, आत तार कोरीच. मी या एका कारणापायी दोन निर्दोष आयसी फेकलेत.

प्रश्न : चिमट्यातून एसएमडी (थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर करायचा चिमुकला) कपॅसिटर उडाला. कसा शोधू?

उत्तर : नका शोधू. सिरॅमिक एसएमडी कपॅसिटरवर सहसा व्हॅल्यू (किती फॅरडचा ते) छापलेली नसते. जमिनीवर जो सापडेल तो आजचा की गेल्या वर्षीचा, हे मीटर लावल्याशिवाय कळणार नाही. माझ्या टेबलाखाली आजवर चार सापडलेत. हरवलेला त्यांत एकही नव्हता.