वंशावळीची पानं स्किप करू का?

प्रश्न : ताई, बायबलचा जुना करार पहिल्यापासून वाचायला घेतलाय. गोष्टी भारी आहेत, पण मधेच अमक्याला तमका झाला सुरू होतं, आणि १ इतिहास ह्या पुस्तकात तर सलग नऊ अध्याय जवळपास नावंच नावं! ह्याला काही अर्थ आहे का की सरळ पुढे जाऊ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : प्लीज सोडू नका हो! मथुशलह ९६९ वर्षं जगला वगैरे आकड्यांत फार अडकू नका, पण ही नावं कोणी आणि का जपली ते बघा. इ.स.पू. ५८६ला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यहुद्यांचं यरुशलेम (जेरुसलेम) पाडलं, मंदिर जाळलं, लोकांना पकडून नेलं. पुढे इराणचा राजा कोरेश याने परत जायची परवानगी दिली, तेव्हा हातात ना जमीन ना मंदिर, मग आपण कोण हे दाखवायचं कशावरून, तर वंशावळीवरून. आपल्याकडे जात पडताळणीला पणजोबांपर्यंतचे कागद शोधतात ना, तसंच. १ इतिहास ह्या परतलेल्या लोकांच्या काळातलं पुस्तक आहे.

एज्रा ह्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडा. परत आलेल्यांतली काही याजक (मंदिरातले पुरोहित) घराणी आपलं रेकॉर्ड शोधतात आणि ते सापडतच नाही. त्यातल्या एका घराण्याच्या मूळपुरुषाने गिलादच्या बर्जिल्लयची मुलगी केली होती आणि सासरच्यांचं नाव लावलं होतं. ह्या सगळ्यांना याजकपणातून काढलं, आणि अधिकाऱ्याने सांगितलं की उरीम व थुम्मीम (देवाचा कौल घ्यायची साधनं) घेऊन याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्नाला हात लावायचा नाही. एक नाव मिळालं नाही म्हणून पिढीजात काम गेलं, मला तर हे वाचताना फार वाईट वाटतं.

आणि रूथच्या पुस्तकाचा शेवट बघा, पेरेसपासून दावीदपर्यंत दहा नावं. मवाबी, म्हणजे शेजारच्या मवाब देशातल्या माणसाला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घ्यायचं नाही असं बायबलच्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात लिहिलंय, आणि इथे खुद्द दावीद राजाची पणजी रूथ मवाबी! आणि ते लपवलेलं नाही, तिच्या नावाने अख्खं पुस्तक आहे, ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

गणना ह्या पुस्तकाचा २७वा अध्याय पण वाचाच. सलाफहादला मुलगा नाही, पाच मुली. त्या लोकांचा पुढारी मोशे याच्यासमोर सगळ्यांदेखत उभ्या राहून विचारतात, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसलं जावं, आम्हाला जमिनीत वाटा द्या. आणि त्यांना वाटा मिळतो, पुढच्यांसाठी तसा नियमही होतो. पाचही जणींची नावं तिथे दिलेली आहेत, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. आधी हे वाचा आणि मग १ इतिहासचे नऊ अध्याय घ्या.