आवाजाआधी घड्याळ

रेडिओ-टीव्हीच्या प्रसारणात काम करायचं असेल, तर ‘आवाज छान आहे’ या कौतुकावर फार विसंबू नकोस. आवाज लागतोच, पण टिकतं ते घड्याळ सांभाळणारं माणूस. बुलेटिनला ५ मिनिटं दिली असतील तर ५ मिनिटं १० सेकंद चालत नाहीत. पुढचा कार्यक्रम थांबत नाही. म्हणून रोज एखादी बातमी घड्याळ लावून मोठ्याने वाच. मग तीच निम्म्या वेळेत बसव, पण वेग वाढवून नाही, वाक्यं छाटून. खरी मेहनत इथेच आहे.

माइक तोंडापासून साधारण वीतभर आणि किंचित तिरका ठेव. अगदी समोर असला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ धप्पकन आदळतात आणि ते नंतर साफ करणं म्हणजे डोकेदुखी. लेव्हल, म्हणजे रेकॉर्ड होणाऱ्या आवाजाची पातळी लावताना सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे. शून्याला जाऊन फुटला की गेलाच. बाहेर रेकॉर्डिंग केलंस तर निघण्याआधी अर्धा मिनिट कुणालाही बोलू न देता तिथली नुसती शांतता टिपून घे. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांचा सांधा लपवायला तीच लागते (आणि नवीन मुलं नेमकी हीच विसरतात).

महागडा कॅमेरा नंतर बघू. कॉलेज निवडताना इमारतीला भुलू नकोस. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष प्रसारणावर किती वेळ मिळतो, ते तिथल्याच मुलांना विचार. इंटर्नशिपमध्ये रात्रपाळी आली तर खुशाल घे. तेव्हा माणसं कमी असतात, त्यामुळे मिक्सरला, म्हणजे वेगवेगळे आवाज कमी-जास्त करून एकत्र करायच्या यंत्राला, हात लावायला मिळतो.