स्कॅनआधी तड्यावर पट्टी लावा

शंभरी ओलांडलेल्या वाचनालयाचं लेझर स्कॅन करून 'डिजिटल ट्विन' (इमारतीचं संगणकातलं हुबेहूब मॉडेल, ज्याला सेन्सरच्या नोंदी जोडता येतात) बनवा, म्हणजे वायव्य कोपऱ्यातली ओल, भिंतीतला तडा आणि वाचकांची उकाड्याची तक्रार, सगळ्यांचा उलगडा होईल, असं सल्लागार म्हणतोय. विश्वस्तांनी पैसे घालावेत का, हा तुमचा प्रश्न. मी वर्षानुवर्षं जुन्या वाड्यांचीच कामं करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

स्कॅन करा, पण त्याच्याकडून काय मागायचं ते आधी ठरवा. कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये केलेलं पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं स्कॅन २०१९ च्या आगीनंतर मोलाचं ठरलं, कारण ते मोजमापांचं दप्तर होतं. तडा वाढतोय का, हे स्कॅन सांगत नाही. त्याची अचूकता साधारण दोन-तीन मिलिमीटर, आणि तडा वर्षात अर्धा मिलिमीटरही सरकत नसेल. त्यातून तो ऋतूप्रमाणे थोडा उघडतो-मिटतो. मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पट्टी लावा आणि किमान वर्षभर दर महिन्याला, तापमानासकट, नोंद ठेवा. काचेची पट्टी फुटली की हालचाल झाली एवढंच कळतं, किती झाली ते नाही.

दुसरी गोम मॉडेलमध्ये आहे. संगणकावर बसलेली मंडळी ओळंब्यात नसलेली भिंत गुपचूप सरळ करून टाकतात. अहो, तो झोक आणि फुगवटा हाच तर आजार! मॉडेल आणि पॉइंट क्लाउड (स्कॅनने टिपलेल्या असंख्य बिंदूंचा संच) यांत किती मिलिमीटर फरक चालेल, ते करारात लिहून घ्या. मूळ पॉइंट क्लाउड आणि आयएफसी फाइल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारं मॉडेल) दोन्ही ताब्यात घ्या, नाहीतर उद्या सॉफ्टवेअर बदललं की हात चोळत बसाल.

सेन्सर स्वस्त असतात, जागा चुकली की महाग पडतात. एका वाड्यात माझा लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र) रोज संध्याकाळी तीन अंशांनी चढायचा. आठवडाभर डोकं खाजवलं. खालच्या कोनाड्यात समई लागत होती! म्हणून मॉडेलमध्ये प्रत्येक सेन्सरची जागा, उंची आणि आसपास काय आहे ते नोंदवा. एक सेन्सर बाहेरही हवाच.

उकाड्यावर लगेच एसी लावू नका. पावसाळ्यात हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली, तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. त्याहून गार झालेल्या भिंतीला ही दमट हवा लागली की पाणी सुटतं, आणि त्या भिंतीला टेकून पुस्तकांचं कपाट असेल तर बुरशी ठरलेली. आधी छताचे पंखे आणि वरचे झरोके मोकळे करून बघा. मॉडेलवरून उकाड्याचं गणित मांडणाऱ्याला एक विचारा: भिंतीच्या पोटात काय भरलंय, हे मोजलं की गृहीत धरलं?

ओल जमिनीपासून किती उंच चढली आहे, लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार) दिसतो का, आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा केलाय का, ते फोटोसह टाका. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट असेल, तर ओल आत कोंडते; तेव्हा मॉडेलचे पैसे राखून आधी तो गिलावा काढायचा विचार करू.